मीटरवरचं कुंकू

तेवीस ऑक्टोबर, बुधवार, सकाळचे अकरा. रक्कम एक लाख बारा हजार चारशे रुपये. हजर माणसं पाच: मुख्य कार्यालयातून आलेले चौकशी अधिकारी, त्यांच्याबरोबरच्या कर्मचारी विभागाच्या बाई, नांदेड विमानतळावरचे आमच्या कंपनीचे व्यवस्थापक, मी आणि माझा मेव्हणा. मेव्हणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, वय अडतीस, घर लातूरला, नोकरी नांदेडला माझ्याच हाताखाली. बारा ऑक्टोबरला आमचं विमान एक तास पस्तीस मिनिटं उशिरा सुटलं होतं, आणि वरची रक्कम त्या उशिराचा खर्च होती. ती कोणाकडून वसूल करायची आणि मेव्हण्याची नोकरी ठेवायची की नाही, हे त्या खोलीत ठरायचं होतं. त्याच्याविरुद्ध तक्रार मी केली होती.

मी विमानांचा देखभाल अभियंता आहे. नोकरीला एकवीस वर्षं झाली. नांदेडला आमचं एक विमान रात्री मुक्कामाला असतं. पंख्याचं, दोन इंजिनांचं. सकाळी त्याची तपासणी होते, आणि ते उडायला योग्य आहे अशी सही मी करतो. मेव्हणा तंत्रज्ञ होता. हातानं काम तो करायचा, पाहून सही मी करायचो.

त्या कामातला एक भाग आगीची सूचना देणारी यंत्रणा तपासण्याचा. इंजिनाभोवती, झाकणाच्या आत, सायकलच्या ब्रेकच्या केबलएवढी जाड पोलादी नळी फिरवलेली असते. तिला लूप म्हणतात. ती ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की तिच्यातून वीज वाहू लागते, पायलटसमोर लाल दिवा लागतो आणि बेल वाजते. प्रत्येक इंजिनाला असे दोन लूप, अ आणि ब. तपासायचं म्हणजे झाकण उघडून, बॅटरी आणि लहान आरसा घेऊन नळीचा इंच न् इंच पाहायचा. कुठं घासून चकाकी आली का, पोचा पडला का, क्लिपांमधलं रबर जागेवर आहे का. मग जोड सोडून, पुसून, मीटर लावून नळी विजेला किती अडवते ते मोजायचं. जोडात ओल शिरली की आकडा खाली येतो. फार खाली आला तर आग नसतानाच बेल वाजते, आणि पायलट चांगलं चालतं इंजिन हवेत बंद करतो, कारण बेल खोटी आहे हे त्याला वर बसून कळायचं काही साधन नाही. सगळं झालं की पायलटच्या जागेवर बसून चाचणीचं बटण दाबायचं. दिवा लागतो, बेल वाजते, काम संपतं.

ही बेल मी हजारो वेळा ऐकली. प्रत्येक वेळी बटण दाबून. खऱ्या आगीची एकदाही ऐकली नाही. प्रवाशांना यातलं फक्त स्वच्छतागृहातलं धुराचं यंत्र माहीत असतं, तेही तिथं विडी ओढायला गेलेल्याला पकडतात म्हणून. एकानं त्यावर रुमाल बांधला होता. मी जाब विचारला तर म्हणाला, "साहेब, विमान तुमचं, रुमाल माझा, जळलं काहीच न्हाई, मग भांडण कशाचं?" मेव्हणा तेव्हा माझ्या मागं उभा राहून हसला होता.

मेव्हणा कामाला चांगला होता, हे इथंच लिहून ठेवतो. तो डोळे मिटून लूपवरून बोटाचं टोक फिरवायचा. मला आरशात न दिसलेली, केसाएवढी खाच त्यानं एकदा अशी बोटानं शोधली होती. त्या वेळी मी वहीत त्याचं नाव लिहिलं आणि मुख्य कार्यालयाला कळवलंही. त्याला ही नोकरी मी लावली होती. त्याच्या शिक्षणासाठी सासऱ्यांनी लातूरचा एक प्लॉट विकला होता. विमानाच्या कामाशिवाय दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि खोट्या नोंदीसाठी काढलेल्या माणसाला या धंद्यात पुन्हा कोणी घेत नाही. हे मला तक्रार लिहिताना माहीत होतं.

बारा ऑक्टोबर, शनिवार, दसरा. दर वर्षी आम्ही आमच्या खोलीत हत्यारांची पूजा करतो. पाने, पक्कड, जॅक, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतो. झेंडूचे हार असतात. माझी बायको ताट घेऊन येते आणि प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावते. त्या वर्षी मांडणीत मीटरही होतं. रोजच्या कामाची पान्यांची एक पेटी आम्ही बाहेर ठेवली होती, पण असं मीटर आमच्याकडं एकच. बायकोनं त्याच्या गोल नॉबवर अंगठ्यानं कुंकू लावलं, वर चार अक्षता टाकल्या. आरती झाली. मी सगळ्यांना सांगितलं, "संध्याकाळी सोनं वाटून होईस्तोवर मांडलेल्याला कोणी हात लावायचा नाही." शब्द हेच होते.

हे साडेनऊला. दहा वाजून दहा मिनिटांनी मी पायलटची आदल्या संध्याकाळची नोंद वाचली: उजव्या इंजिनाच्या ब लूपचा दोष दाखवणारा दिवा उतरताना एकदा लुकलुकला. मी मेव्हण्याला म्हणालो, "ब लूप पूर्ण बघ. जोड पूस, मोज, मग बटण दाब." आणि मी इंधनाच्या कागदांकडं गेलो. पूजेतलं मीटर उचल, असं मी म्हणालो नाही. मला ते आठवलंच नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी त्यानं वही माझ्यासमोर ठेवली. विमान एक वीसला सुटणार होतं.

"मोजलंस?"

"हाव."

"किती?"

"बावीस पॉइंट सहा. लिहिलंय की, दाजी."

आकडे माझ्या लक्षात राहतात. मी मागची पानं काढली. ऑगस्टमध्ये याच लूपचा आकडा बावीस पॉइंट सहाच होता. हवेतली ओल, इंजिनाची ऊब, जोड कसा बसला, यावर आकडा हलतो. दोन महिन्यांनी दशांशासकट तोच येणं अशक्य नाही. पण मी तसं आधी पाहिलं नव्हतं. मी खोलीत गेलो. मीटर पाटावर होतं. नॉबवरचं कुंकू जसंच्या तसं, अक्षताही खाचेत तशाच. नॉब फिरवल्याशिवाय ते मीटर चालू होत नाही.

मोबाइलवर फोटो काढला. वेळ बारा चोवीस.

आता हिशोब असा. झाकण उघडून मोजायला पंचवीस मिनिटं लागतात. मी मेव्हण्याला बोलावून, चार शिव्या देऊन, दोघांनी मिळून मोजलं असतं तर बारा पन्नासला काम झालं असतं. वहीतला आकडा रीतसर खोडून, शेजारी खरा लिहून, विमान वेळेवर सुटलं असतं. असं करायला नियमाची आडकाठी नव्हती. मी आधी मुख्य कार्यालयाला फोन केला. त्यांनी सांगितलं, आम्ही कळवेपर्यंत विमान हलवू नका. मोजणी पंचवीस मिनिटांत झाली. उशीर झाला तो त्यांच्या परवानगीची वाट पाहण्यात.

फोन ठेवल्यावर मी मेव्हण्याला बोलावलं आणि पाटाकडं बोट दाखवलं.

"बटण दाबलं, दिवा लागला, बेल वाजली. जोड पुसला. लूप चांगला हाय, दाजी. सोनं वाटल्यावर मोजणारच होतो."

"आणि विमान?"

"ते रात्री परत येणारच होतं की."

"मग आकडा कशाला लिहिलास?"

"रकाना मोकळा ठेवला तर तुम्ही सही करत न्हाई."

हे खरं होतं. मग तो हळू म्हणाला, "ताईनं कुंकू लावलं होतं. तुम्हीच म्हणलात हात लावू नका."

मी म्हणालो, "फोन झालाय."

आम्ही दोघांनी मोजलं. नॉब मी फिरवला. आकडा एकोणीस पॉइंट आठ आला. दहाच्या वर असला की चालतो. लूपला काहीही झालेलं नव्हतं. दोन पंचावन्नला विमान गेलं. संध्याकाळी आपट्याची पानं कोणी कोणाला दिली नाहीत. ती पिशवीतच राहिली.

घरी बायको मेथी निवडत होती. तिला तिच्या भावानं आधीच सांगितलं होतं.

"मोजल्यावर किती आलं?"

"एकोणीस पॉइंट आठ."

"पाहिजे किती?"

"दहा."

"मग?"

"त्यानं न मोजता लिहिलं."

"तुम्ही मोजलं ना. मग झालं की मोजून."

मी तिला समजावून सांगितलं, की आज न मोजता लिहिलेलं खपलं तर उद्या लिहिलेलं कोणतं खरं हे मला कळणार नाही, आणि सही माझी आहे. बहात्तर माणसं बसतात. ती काड्या वेगळ्या करत राहिली. मी आजही तेच म्हणेन. तक्रार करण्यात माझी चूक झाली असं मला वाटत नाही. मी चुकलो ते नंतर.

पुढचे दहा दिवस विमानतळावर त्याची चेष्टा चालली. सामान चढवणारी मुदखेडची दोन माणसं त्याला रोज विचारायची, "काय ओ, विमानाला हळद लागली म्हणे. लगीन कधी?" एकानं त्याच्या डब्याच्या झाकणावर कुंकवाचा ठिपका लावून ठेवला. डबा उघडायचा की नाही, असं विचारत सगळे उभे राहिले. त्यानं झाकण पुसलं आणि जेवला. मी दारात होतो. मी त्यांना दटावू शकलो असतो. पण चौकशी चालू असताना एका बाजूनं बोलणं मला बरोबर वाटलं नाही.

तर, तेवीस ऑक्टोबर. चौकशी अधिकारी हिंदी बोलणारे, शांत, पन्नाशीचे. त्यांनी आवाज एकदाही चढवला नाही. टेबलावर मीटर होतं, मी काढलेल्या फोटोची मोठी छापील प्रत होती, आणि कुंकवाची एक नवी पुडी. ती त्यांनी सकाळी बाजारातून मागवली होती.

ते मेव्हण्याला म्हणाले, "फोटो में जैसा है, वैसा लगाइए."

त्याला आधी कळलं नाही. बाईंनी पुडी उघडून पुढं सरकवली. त्यानं अंगठा बुडवून नॉबवर टेकवला. कुंकू मीटरच्या काचेवरही सांडलं.

"अब मीटर चालू कीजिए."

त्यानं नॉब फिरवला.

"हाथ ऊपर. सबको दिखाइए."

त्यानं हात वर केला. अंगठा आणि दोन बोटं लाल झाली होती. अधिकाऱ्यांनी त्याला हात तसाच धरून ठेवायला सांगितलं आणि लिहायला लागले. सावकाश लिहीत होते. समोरच्या घड्याळात चार मिनिटं झाली. मधे हात थोडा खाली आला तेव्हा ते वर न बघता म्हणाले, "ऊपर." व्यवस्थापक खिडकीबाहेर पाहत होते. नॉबवरचं कुंकू न फिसकटलेलं, म्हणजे मीटर वापरलं नाही, हे फोटोतच सिद्ध होतं आणि मेव्हण्यानं पहिल्याच दिवशी लेखी कबूलही केलं होतं. या प्रयोगाची गरज नव्हती.

मग प्रश्न सुरू झाले.

"मीटर पूजा में किसने रखा?"

"सबीच रखते साब."

"कुंकुम किसने लगाया?"

"पूजा में लगाते साब. याद नै."

"इस्तेमाल करने से किसी ने मना किया था?"

इथं त्यानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी समोरच्या कागदांकडं पाहत होतो, पण त्यानं पाहिलेलं मला कळलं. दोन्ही हुकूम माझे होते, साडेनऊचा आणि दहा दहाचा. पहिला पाळला तर दुसरा मोडत होता. त्यानं सांगितलं असतं तर नोकरी वाचली असती असं नाही, कारण खोटा आकडा त्यानंच लिहिला होता. पण एक लाख बारा हजार चारशे एकट्याच्या नावावर पडले नसते, आणि कदाचित काढून टाकण्याऐवजी सहा महिने बिनपगारी घरी बसवण्यावर भागलं असतं. व्यवस्थापकांनी तसं आदल्या दिवशी मला बोलून दाखवलं होतं.

"किसी ने नै साब," मेव्हणा म्हणाला. "हमारे में वैसा रहता."

अधिकाऱ्यांनी मला दोन प्रश्न विचारले. फोटो तुम्हीच काढला का. दुसऱ्यांदा मोजताना आकडा किती आला. मी दोन्हींची उत्तरं दिली. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि मी आपणहून काही सांगितलं नाही. सव्वाबाराला आम्ही खाली सह्या केल्या. मेव्हण्याच्या सहीशेजारी लाल अंगठा उमटला. बाईंनी तो कागद बदलून नवा छापायला सांगितला, आणि त्याला हात धुऊन यायला सांगितलं.

निकाल पाच दिवसांनी आला. खोट्या नोंदीबद्दल सेवेतून कमी. उशिराचा सगळा खर्च त्याच्या येणे रकमेतून कापायचा. माझ्याबद्दल त्यात एक ओळ होती: संबंधित अभियंत्यानं प्रामाणिकपणे कळवलं.

ती ओळ बायकोनं वाचली. कागद घडी करून परत दिला.

"तुम्ही सांगितलं का तिथं, हात लावू नका मीच म्हणलो म्हणून?"

"मला कोणी विचारलं नाही."

"तुम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत न्हाई. फोन मात्र न विचारता केलात."

मी कागद खिशात घातला.

"माझ्या हातचं कुंकू होतं ते," ती म्हणाली. "त्यानं माझं नाव घेतलं नाही. तुमचंही घेतलं नाही. तुम्ही त्याचं घेतलं."

दिवाळीला ती लातूरला गेली आणि भाऊबीज झाल्यावर परतली नाही. फोन उचलायची. काय जेवलात विचारायची. परत कधी येणार विचारलं की म्हणायची, "सध्या हाय इथंच."

कंपनीनं मेव्हण्याच्या पत्त्यावर नोंदणी टपालानं पाठवलेला चेक परत आला. त्यानं घेतला नव्हता. व्यवस्थापक मला म्हणाले, "तुमच्या घरचाच माणूस आहे, तुम्हीच देऊन या, पोच घेऊन या." दहा नोव्हेंबरला रविवार होता. अहमदपूरमार्गे एसटीनं मी साडेबाराला लातूरला पोचलो. माझ्याकडं दोन पाकिटं होती. एकात कंपनीचा चेक. दुसऱ्यात माझा स्वतःचा, छप्पन्न हजार दोनशेचा. उशिराच्या खर्चाचा बरोबर निम्मा.

दार सासूबाईंनी उघडलं. मला बसायला सांगितलं. आतून मेव्हण्याच्या बायकोचा आवाज आला, "चहा ठेवू का?"

सासूबाई म्हणाल्या, "पाणी आण. चहाला थांबायचे न्हाईत ते, त्यांची गाडी हाय."

माझी परतीची गाडी साडेचारची होती. मी पाणी प्यालो. बायको आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मेव्हणा आला, समोर बसला. दाढी वाढलेली. मी पहिलं पाकीट दिलं. त्यानं चेक पाहिला.

"पोच कुठं लिहू? तुम्ही बघून घ्या, दाजी. न्हाई तर खोटी म्हणाल."

मी जागा दाखवली. त्यानं तारीख घातली, रक्कम अक्षरी लिहिली, सही केली, आणि वेळही लिहिली, एक दहा. मग मी दुसरं पाकीट पुढं केलं.

"हे कशाचं?"

"कापलेल्यातला माझा वाटा."

"किती?"

"निम्मा."

"निम्मा कोणत्या हिशोबानं?"

"दोन्ही सूचना माझ्या होत्या. आकडा तू लिहिलास."

तो हसला. "म्हणजे हिशोब तुम्हाला तवाच माहीत होता. त्या खोलीत."

"हो."

"मी चार मिनिटं हात वर धरून बसलो होतो. तुम्ही घड्याळ बघून राहिले होते."

"हो."

"मग आता निम्मे देऊन काय मोकळं व्हायचं हाय तुम्हाला?"

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे, जावई हाय."

"जावई हाय म्हणूनच तर गप बसलो, आई." त्यानं पाकीट उघडलंही नाही, माझ्याकडं परत सरकवलं. "मला न्हाई पाहिजे. द्यायचेच असतील तर ताईला द्या. तिला आता स्वतःचे काहीतरी लागतील."

मी बायकोकडं पाहिलं. ती नको म्हणाली नाही. आतून बँकेचं पासबुक आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं, खाते क्रमांक वर येईल असं. मी तो उतरवून घेतला. बाहेर पडताना चप्पल घालायला वाकलो तेव्हा मेव्हण्यानं आतून विचारलं, "दाजी, आता लूप कोण मोजतं?"

"मीच. नवा माणूस अजून आला नाही."

"किती येतोय?"

"परवा एकवीस पॉइंट एक."

"बरं," तो म्हणाला, आणि दार लावलं.

कंपनीकडून त्याचं एकूण एक लाख एकसष्ट हजार एकशे पन्नास येणं होतं. एक लाख बारा हजार चारशे कापून अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास त्याला मिळाले. माझे छप्पन्न हजार दोनशे मी अकरा नोव्हेंबरला, सोमवारी, बायकोच्या खात्यात भरले.